नाशकात घरकुल, म्हाडा, निराधार पेन्शन: कोणत्या दारात जायचं आणि काय घेऊन जायचं

मंडळी, "ते सरकारी घर कसं मिळतं हो?" हा प्रश्न सिडकोपासून पेठ रोडपर्यंत इतक्या जणांनी विचारलाय की म्हटलं एकदा सगळं बसून लिहूनच टाकू. म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं की सरळ हे पुढे पाठवायचं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. योजनेच्या नावापासून सुरुवात करायची नाही. लोक येतात ते "रमाईत नाव टाकायचंय", "मोदी आवास पाहिजे" असं म्हणतच येतात आणि मग चुकीच्या खिडकीत सहा महिने जातात. सुरुवात करायची ती पायाखालच्या जागेपासून. म्हणजे आज तुम्ही जिथे झोपता ती जागा कोणाच्या नावावर आहे? स्वतःची, वाडवडिलांची, सरकारची, घरमालकाची, की कोणाचीच नाही? याचं उत्तर आलं की योजना आपोआप ठरते.

आणि घरात विधवा बाई, म्हातारं माणूस किंवा दिव्यांग कोणी असेल आणि महिन्याचा खर्चच भागत नसेल, तर घराच्या आधी पेन्शनचा अर्ज टाका. घर मिळायला वर्षं जातात, पेन्शन त्यामानाने लवकर सुरू होते. ते खाली लिहिलंय.

स्वतःची जागा आहे, घर कच्चं आहे किंवा नाहीच

हे प्रधानमंत्री आवास योजना (पीएमएवाय) शहरी २.० मध्ये येतं. पहिली योजना २०१५ ला आली होती, ही दुसरी सप्टेंबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी आहे. हिच्यात चार घटक आहेत, पण स्वतःच्या जागेवर बांधायचं असेल तर बीएलसी हा घटक लागतो. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. यांच्यापैकी कोणाच्याही नावावर भारतात कुठेही पक्कं घर नको आणि गेल्या २० वर्षांत कुठल्याही सरकारी घरकुलाचा लाभ घेतलेला नको. पैसे अडीच लाख, त्यात केंद्राचे दीड आणि राज्याचा एक. घर ३० ते ४५ चौरस मीटर कार्पेटमध्ये बसवायचं, म्हणजे साधारण ३२३ ते ४८४ चौरस फूट.

"भारतात कुठेही" हे शब्द नीट वाचा, कारण आपल्या नाशकात नेमकं इथेच गाडं अडतं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडून कामाला आलेली कितीतरी कुटुंबं आहेत, पेठ रोडला खोली करून राहतात आणि गावाकडे वडिलांच्या किंवा स्वतःच्या नावाने ग्रामीण घरकुल आधीच झालेलं असतं. ते वडिलांच्या नावावर असेल आणि तुमचं लग्न झालेलं असेल तर तुमचं कुटुंब वेगळं धरलं जातं, चिंता नाही. पण तुमच्याच किंवा बायकोच्या नावावर असेल तर शहरात परत मिळणार नाही. सगळं आधारला जोडलेलं आहे, लपवून काही फायदा नाही, उलट नंतर वसुली निघते.

आता जागेचे कागद. सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा प्रॉपर्टी कार्ड तुमच्या नावाचा पाहिजे. आजोबांच्याच नावावर असेल तर आधी वारस नोंद करून घ्या, त्याला वेळ लागतो, म्हणून अर्जाच्या विचाराआधीच ते काम चालू करा. आणि बांधायचं म्हणजे मनपाची बांधकाम परवानगी आली, आणि परवानगी म्हटली की दोन जागी लोक आपटतात. एक, गुंठेवारीचा प्लॉट, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून साठेखतावर किंवा नुसत्या नोटरीवर विकलेला. ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करता येते असा कायद्यात बदल झालाय, ते आधी करून घ्यावं लागतं. दुसरी म्हणजे गंगेची, म्हणजे आपल्या गोदावरीची, निळी पूररेषा. तिच्या आतल्या जागेवर नवीन बांधकामाला परवानगी मिळत नाही, मग प्लॉट कितीही तुमचा असो. पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीच्या पायापाशी पाणी बघायला गर्दी करतो आपण, पण प्लॉट घेताना मात्र कोणी पूररेषेचा नकाशा बघत नाही! नगररचना विभागात विचारलं की सांगतात.

अर्ज ऑनलाइन स्वतः करता येतो, फुकट आहे. पीएमएवाय शहरीच्या सरकारी पोर्टलवर आधी पात्रतेचे प्रश्न येतात, उत्पन्न किती, घर आहे का, कुठल्या घटकात अर्ज करायचाय, मग आधारचा ओटीपी. घरातल्या सगळ्यांचे आधार नंबर जवळ ठेवा, बँक खातं आधारशी जोडलेलं ठेवा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा असेल तर तो, आणि जागेचे कागद पीडीएफ करून ठेवा. मोबाइल हातात घेऊन पावसात सायबर कॅफेबाहेर उभं राहून ओटीपी ओटीपी खेळण्यापेक्षा घरी बसून पोराला सांगा. जमत नसेल तर शरणपूर रोडला राजीव गांधी भवन, म्हणजे मनपाचं मुख्यालय, तिथे आवास योजनेच्या कक्षात जा. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर घ्यायचं असतं, तेव्हा अर्ज भरतानाच घरात ते ठरवून टाका, नंतर वाद नको.

मंजूर झालं की पैसे एकदम येत नाहीत. काम पुढे सरकेल तसे हप्ते येतात आणि प्रत्येक टप्प्याला जिओ टॅग फोटो काढायला माणूस येतो. तुम्ही तुमच्या अर्धवट भिंतीसमोर उभं राहायचं, तो मोबाइलवर फोटो काढतो, त्यात जागेचं अक्षांश रेखांश आपोआप येतं. म्हणजे पायाचा फोटो झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, आणि फोटोवाला लवकर येत नाही म्हणून काम थांबवून ठेवलेली घरं मी बघितलीत, वर पावसाळा आला की झालंच. त्यामुळे पाया झाला की त्याच दिवशी कक्षात कळवा, लेखी कळवा. आणि अडीच लाखात घर पूर्ण होत नाही हे आधीच सांगतो. सिमेंट, सळई, गवंड्याची मजुरी आजच्या भावाने धरा आणि बाकीची सोय कुठून करणार ते बघूनच जुनं घर पाडा. पाडून बसलेली आणि पुढे भाड्याच्या खोलीत अडकलेली कुटुंबं ही या योजनेतली सगळ्यात वाईट अवस्था असते. राज्याच्या २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलवाल्यांना ५ ब्रासपर्यंत वाळू फुकट आहे, ती मागून घ्या, कोणी स्वतःहून आणून देणार नाही.

अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध असाल तर रमाई आवास बघा. शहरात राबवते मनपा, पैसा समाजकल्याणचा. चौकशीसाठी नासर्डी पुलाजवळचं सामाजिक न्याय भवन. आदिवासी असाल तर शबरी घरकुल, आणि त्याचं मूळ तर आपल्याच गावात आहे, आदिवासी विकास भवन गडकरी चौकात. दोन्हीतून किंवा पीएमएवायसकट तिन्हीतून घर घेता येत नाही, एकच. त्यामुळे जिथे यादी लवकर सरकतेय तिथे टाका.

जागा नाही, फ्लॅट हवाय

याच्यात दोन रस्ते. नोकरीवाल्याला, पीएफ कापला जाणाऱ्याला, ज्याला बँक कर्ज देईल त्याला याच पीएमएवायमधली व्याज सबसिडी. उत्पन्न ९ लाखांपर्यंत चालतं, घराची किंमत ३५ लाखांच्या आत, कर्ज २५ लाखांच्या आत, आणि कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के सबसिडी, १२ वर्षांपर्यंतची धरून. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत कर्ज खात्यात जमा होतात. लोकांना वाटतं पावणेदोन लाख हातात येणार, तसं काही नाही, तुमचं कर्ज तेवढं कमी होतं, आणि मध्ये खातं थकीत गेलं तर पुढचे हप्ते अडकतात. १ सप्टेंबर २०२४ नंतर मंजूर झालेलं कर्जच चालतं. ३५ लाखात गंगापूर रोड, कॉलेज रोड विसरा. पाथर्डी फाटा, अंबड, म्हसरूळ, आडगावकडे १ बीएचके शोधा. बिल्डर "पीएमएवायमध्ये बसतं" असं तोंडी सांगतो, पण बँकेला विचारल्याशिवाय टोकन देऊ नका.

दुसरा रस्ता म्हाडा. इथे नाशिककरांनी एक गोष्ट समजून घ्यायलाच पाहिजे. १० लाखांपेक्षा जास्त लोकवस्तीच्या महापालिकेत ४ हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प करणाऱ्या बिल्डरला २० टक्के घरं किंवा जागा अल्प उत्पन्नवाल्यांसाठी राखून ठेवावी लागते, आणि ती म्हाडाच्या सोडतीतून जातात. २०१३ पासूनचा नियम आहे. आणि नाशकातच ही घरं म्हाडाकडे आलीच नाहीत म्हणून २०२२ मध्ये विधिमंडळात गदारोळ झाला होता, तेव्हाच्या मनपा आयुक्तांची बदली झाली होती, आठवत असेल. त्याच्यानंतर मग जाहिराती यायला लागल्या. म्हणजे चांगल्या कॉम्प्लेक्समध्ये बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी किमतीत फ्लॅट मिळू शकतो, फक्त सोडतीत नाव लागलं पाहिजे. काही घरांना अर्जच येत नाहीत, ती मग प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य म्हणून निघतात, तिकडे लक्ष ठेवा. लोक दर वेळी मोठ्या सोडतीच्या मागे धावतात आणि हे बघतच नाहीत.

म्हाडाचं नाशिक मंडळही गडकरी चौकातच आहे, पण अर्ज सगळा ऑनलाइन. २०२३ पासून नवीन सिस्टीम आहे, एकदाच नोंदणी करायची, कागद आधीच तपासले जातात आणि मग प्रत्येक सोडतीला फक्त अर्ज आणि अनामत. आधार, पॅन, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला किंवा आयटी रिटर्न, राखीव गटातून असेल तर त्याचं प्रमाणपत्र. डोमिसाइल बारकोडवालं नवीन लागतं, कॉलेजच्या अॅडमिशनला काढलेलं जुनं काढून दाखवू नका. सोडत जाहीर झाल्यावर डोमिसाइलला पळणारे सेतूत रांगा लावतात आणि शेवटच्या तारखेला रडतात. आजच काढा, सोडत असो नसो. उत्पन्नाचे गट म्हाडाचे वेगळे असतात, पीएमएवायचे ३ लाख इथे लावू नका, जाहिरातीत बघा, नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न धरतात. आणि घर नसण्याची अट पण वेगळी, साध्या म्हाडा घराला त्या मनपा हद्दीत तुमच्या, जोडीदाराच्या किंवा लहान मुलांच्या नावावर घर नको एवढंच. गावाकडचं घर इथे आड येत नाही. पेठ-सुरगाण्यावाल्यांना वर जे सांगितलं त्याला हा उतारा आहे, फक्त त्या घराला पीएमएवायचं अनुदान जोडलेलं नाही ना ते जाहिरातीत बघून घ्या.

लागल्यावर पाच वर्षं विकता येत नाही. आणि सोसायटीचा मेंटेनन्स बाकीच्यांइतकाच येऊ शकतो, लिफ्ट, वॉचमन, गार्डन सगळं. नुसता बँकेचा हप्ता नाही, हप्ता अधिक मेंटेनन्स झेपेल का ते बघा.

म्हाडाने एकही एजंट नेमलेला नाही. "साहेब ओळखीचे आहेत, सोडतीत नाव लावून देतो" म्हणणारा सरळ सरळ फसवतोय. सोडत कॉम्प्युटरवर होते.

झोपडपट्टीत आहात

मल्हारखाण, फुलेनगर, गंजमाळची भीमवाडी, अशा ठिकाणी राहणाऱ्यांना एकच सांगणं, पुरावे जपा. बाकी सगळं त्याच्यावर चालतं. कायद्यात १ जानेवारी २००० च्या आधीपासून राहणाऱ्या झोपडीधारकाला संरक्षण आहे, पुनर्वसनात घर मोफत. त्याच्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना पुनर्वसन आहे पण सशुल्क. म्हणजे तुम्ही त्या तारखेच्या आधी तिथे राहत होता हे दाखवणारा कागद हाच तुमचा सातबारा. जुनं रॉकेलच्या नोंदीवालं रेशनकार्ड, जुनं लाइट बिल, घरपट्टीची पावती, फोटोपास म्हणजे झोपडीधारकाचं फोटोवालं सरकारी ओळखपत्र, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता. काहीच नसेल तर त्या वर्षीच्या मतदार यादीचा उतारा निवडणूक शाखेतून मागता येतो, त्यात घरातल्या कोणाचं तरी नाव सापडतंच. लॅमिनेशन करू नका, अक्षरं वितळून चिकटलेली कागदं बघितलीत मी. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढा, आणि तो फोटो लेकीच्या मोबाइलमध्ये पण पाठवा. आता कुंभमेळ्याची कामं जोरात आहेत, रस्ते रुंद होतायत, नोटीस आली तर घाबरून कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नका. नोटिशीची तारीख बघा आणि लेखी उत्तरासोबत पुराव्याच्या झेरॉक्स जोडून पोच घ्या.

सरकारी जमिनीवरची २०११ च्या आधीची राहती अतिक्रमणं काही अटींवर नियमित करायचा निर्णय पण राज्याने घेतलेला आहे, तो प्रांत कार्यालयात विचारा. नियमित झालं की जागा तुमची, आणि मग वरचं बीएलसी उघडतं.

चुंचाळे, वडाळ्याची घरकुलं जेएनएनयूआरएम या केंद्राच्या जुन्या शहर योजनेच्या वेळची. तिथे मूळ लाभार्थी कोण आणि राहतं कोण हा गोंधळ सगळ्यांना माहितीये. तिथला फ्लॅट "नोटरी करून देतो" म्हणून स्वस्तात कोणी विकायला आला तर पैसे घालू नका. नोटरीने मालकी येत नाही, आणि उद्या तपासणी झाली की तुम्ही बाहेर.

भाड्याने राहता

भाडेकरूला थेट देणारं फार काही नाही. पण एक कागद करून घ्या, भाडेकरार रजिस्टर. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच पाहिजे, १९९९ चा कायदा आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, तुमची नाही. नोंदणी नसेल आणि भांडण झालं तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलटं सिद्ध करायचं. हे मालकाला गोड बोलून सांगा, सहसा ऐकतात. त्या कराराने पत्त्याचा पुरावा होतो, आधारवर पत्ता बदलतो, रेशनकार्ड बदलतं, आणि मग बाकीची दारं उघडतात. अंबड-सातपूरला कंपनीत रोजंदारीवर असलेली पोरं वर्षानुवर्षं राहतात आणि कागदावर नाशिकची नसतातच.

बांधकामावर मजुरी करत असाल, नाक्यावर उभं राहत असाल, तर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करा. वर्षातले ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं, फी १ रुपया. एक रुपया, खरंच. तिथे घरासाठी वेगळी मदत आहे, मुलांची शिष्यवृत्ती आहे. एजंट याच नोंदणीचे हजार-दीड हजार घेतात.

महिन्याचा आधार

आता पेन्शन. संजय गांधी निराधार १८ ते ६५ वयासाठी: विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांग, कॅन्सरसारखा मोठा आजार झालेले, तृतीयपंथी वगैरे. ६५ पुढे श्रावणबाळ. महिना १५०० रुपये, आणि दिव्यांगांना २०२५ च्या निर्णयाने २५००. थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत, मग समितीपुढे जातो.

उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार, दिव्यांगांना ५० हजार. २१ हजार म्हणजे महिन्याला १७५०. नाशकात एवढ्यात पत्र्याच्या खोलीचं भाडं निघत नाही! ही अट कधीची आहे आणि कोण बदलणार माहीत नाही, पण अट आहे, आणि ती तशी आहे म्हणून लोक दाखल्यांचा घोळ करतात. सासूच्या पेन्शनसाठी २१ हजाराचा दाखला आणि त्याच रेशनकार्डावरच्या मुलाच्या घरासाठी पावणेतीन लाखाचा. आता सगळं एकाच आधारवर दिसतं. सासू खरंच वेगळी राहते, वेगळी चूल आहे, तर आधी रेशनकार्ड विभक्त करा आणि तिच्या एकटीच्या उत्पन्नाचा दाखला काढा. ते सरळ होतं, उशिरा होतं पण टिकतं.

लाडक्या बहिणीचे पैसे मिळत असतील आणि निराधारचे १५०० सुरू झाले तर दोन्ही मिळत नाहीत. निराधार धरून ठेवा असं माझं मत, ही योजना फार जुनी आहे आणि सरकारं आली गेली तरी चालू राहिलीये.

दिव्यांगांना यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आधी. ऑनलाइन अर्ज आणि तपासणी त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला. मनपाला स्वतःच्या बजेटमधला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो, त्यातून मदत असते, विभागीय कार्यालयात विचारा. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस ५९ च्या आत गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभमध्ये एकरकमी २० हजार आहेत, तोही अर्ज संजय गांधी शाखेतच. दुःखाच्या दिवसांत कोणाला सुचत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी आठवण करायची. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो राहिला की पेन्शन बंद आणि म्हातारी बँकेच्या पासबुकवर एंट्री मारून मारून थकते.

सीबीएस बस स्टँडवर, रामकुंडावर एकटे सोडून दिलेले म्हातारे दिसतात, १४५६७ लावा. ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, फुकट. रात्रीपुरती सोय लागत असेल तर मनपाची बेघर निवारा केंद्रं आहेत.

एक गोष्ट मात्र जरा लांबून सांगतो कारण घरकुलाच्या नादात हे फार होतं. मुलगा म्हणतो, आई, प्लॉट माझ्या नावावर कर म्हणजे योजनेत बसेल. आई करते. घर होतं आणि मग आईची खाट गॅलरीत. अहो, आई विधवा आहे आणि तिच्या नावावर पक्कं घर नाही तर ती स्वतः अर्ज करू शकते, योजनेत विधवा आणि ज्येष्ठांना प्राधान्यच आहे. मुलाच्या नावावर करायचंच असेल तर बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्या की आयुष्यभर सांभाळ करण्याच्या अटीवर देतेय. ती अट लिहिलेली असेल आणि पाळली नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रांताकडे अर्ज करून ते बक्षीसपत्र रद्द करता येतं, निर्वाह भत्ता पण मागता येतो, महिन्याला १० हजारापर्यंत. वकील लागलाच तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात बाईमाणसाला उत्पन्न न बघता फुकट मिळतो, फोन १५१००.

कागदांचं

नाव. आधारवर "सुमनबाई", रेशनकार्डावर "सुमन", पासबुकात "सुमन" पण आडनाव माहेरचं. माणसाला कळतं एकच बाई आहे, कॉम्प्युटरला नाही. आधी आधार सुधारा, मग बाकीचे त्याच्याप्रमाणे. उलटं केलं तर परत फिरावं लागतं.

दाखल्यांना शपथपत्रासाठी ५०० चा स्टॅम्प मागतात. सरकारी कार्यालयात द्यायच्या शपथपत्राला मुद्रांक माफ आहे, २००४ पासून, आणि २०२५ ला महसूल खात्याने परत सांगितलंय. साध्या कागदावर चालतं. बाहेर टेबल टाकून बसलेला तुम्हाला हे सांगणार नाही.

कुठलाही अर्ज दोन प्रतीत, एकावर आवक शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "ठेवून जा, बघतो" हे उत्तर नाही. एका कार्यालयात तर माझ्यासमोर शिक्का नाही म्हणाले, ड्रॉवरमध्ये होता!

सहा महिने काहीच हललं नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथे टाकता येतं, पण आधी खालच्या कार्यालयात दिलेल्या अर्जाची पोच पाहिजे. नाहीतर माहिती अधिकार. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, ३० दिवसांत उत्तर. "माझ्या अर्जाचं काय झालं" असं लिहू नका, "विचाराधीन आहे" एवढंच उत्तर येतं. असं लिहा: "माझा अर्ज आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक. हा अर्ज आजपर्यंत कोणकोणत्या टेबलवर किती दिवस होता त्याच्या नोंदी, त्यावरील टिप्पणीच्या प्रती, आणि माझ्यानंतर आलेले जे अर्ज मंजूर झाले त्यांची तारखेसह यादी मिळावी." खाली सही, तारीख, आणि याचीही पोच घ्या.